‘यूज्ड टू’चे दोन अर्थ



माझ्या एका माजी विद्यार्थ्याने रात्रपाळीच्या नोकरीसाठी इंग्रजीत अर्ज लिहिला आणि टपालात टाकण्यापूर्वी मला दाखविला. त्यात वाक्य होते : ‘आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट.’ त्याला म्हणावयाचे होते, ‘रात्री काम करण्याची मला सवय आहे.’ वाक्याचा अर्थ मात्र झाला, ‘पूर्वी मी रात्री काम करीत असे.’ आता करीत नाही, हेही त्यातून ध्वनित होते. म्हणजे अर्जदाराने स्वतःच्याच हाताने आपली बाजू लंगडी केली!

सवय सांगावयाची तर ‘यूज्ड टू’च्या आधी ‘ॲम’, ‘इज’, ‘वॉज’ यांसारखे योग्य ते रूप हवे आणि नंतर नाम किंवा ‘इंग’ने संपणारे रूप : ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट.’ पूर्वीची रीत सांगताना आधी काही नको. नंतर क्रियापदाचे मूळ रूप. मराठीत ‘करीत असे’ आणि ‘सवय आहे’ यांत आपला घोटाळा होत नाही. म्हणून लिहिण्यापूर्वी वाक्य मनाशी मराठीत म्हणून पाहावे.

आणखी एक. बोलताना ‘यूज्ड’मधील ‘ड’ पुढील ‘टू’मध्ये विरून जातो, कानावर विसंबणारा विद्यार्थी लिहितानाही ‘डी’ गाळतो. होकारार्थी वाक्यात तो हवाच. ‘डिड नॉट’नंतर मात्र गाळावा, कारण भूतकाळ ‘डिड’नेच दाखविलेला असतो.

मुलाने एक शब्द घातला, एक बदलला आणि अर्ज पाठविला. नोकरी देणे साहेबांच्या हाती. मनातले तेच कागदावर उतरविणे आपल्या हाती आहे.