कुंडींतली भाजी आणि आभाळाची थंडी

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यांत भाजीला थंडीपासून जपावें, असें कोणी सुचविलें तर ऐकणाऱ्याला हसूं यावें हें साहजिक आहे. तेथें जानेवारींतहि रात्रीचा पारा सरासरीनें १८-१९ अंशांच्या घरांत राहतो. समोरचा समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. त्यामुळें किनाऱ्यावरची रात्र घाटावरच्या रात्रीइतकी कडक होत नाहीं. थंडीची तक्रार करावी ती निफाडच्या द्राक्षबागाइतदारांनीं. तिकडे एखाद्या वर्षीं पारा दोन-तीन अंशांवर उतरतो आणि घड वांचविण्यासाठीं पहाटे बागेबागेंतून शेकोट्या पेटवाव्या लागतात.

परंतु बंदराला लागून दाटीनें वसलेल्या वस्तींत ऐसपैस परसू कोणाच्या वांट्याला येणार? तेथें भाजी लावावयाची ती ओट्यावर, गच्चीवर, कुंड्यांत नि जुन्या डब्यांत. उन्हाळा भरांत येण्यापूर्वी घरची भेंडी, काकडी, दुधी हाताशीं यावी, म्हणून गृहिणी पौषांतच बीं टोचते. आठ दिवस जातात, पंधरा जातात. दहा बियांतून दोन वर येतात आणि उरलेल्या उकरून पाहाव्या तर कुजलेल्या निघतात. दोष बियाणें विकणाऱ्याच्या माथीं बसतो. पुष्कळदां खरा चोर निराळाच असतो.

भेंडीचें बीं उबेचें भुकेलें आहे. माती १७ अंशांच्या खालीं गेली कीं तें बहुधा रुजत नाहीं. काकडीचेंहि १५ अंशांच्या सुमारास तसेंच होतें. गार आणि ओल्या मातींत पडून राहिलेल्या बियाला बुरशी गांठते. पण हवा जर अठरा अंशांवर, तर कुंडी तिच्याहून गार कशी होते? या कोड्याचें उत्तर जमिनीवर नाहीं, आभाळांत आहे.

उत्तर हिंदुस्थानांत यंत्रें येण्यापूर्वी बर्फ कसें करीत, याची हकीकत सर रॉबर्ट बार्कर यांनीं १७७५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. अलाहाबादेकडे उघड्या मैदानांत उथळ खड्डे खणीत. तळाशीं उंसाचीं किंवा मक्याचीं वाळलेलीं ताटें जाड पसरीत, आणि त्यांवर बिनझिलईच्या मातीच्या उथळ थाळ्या मांडून संध्याकाळीं त्यांत पाणी भरीत. हवेचा पारा गोठणबिंदूच्या वर असतांनाहि पहाटे त्या थाळ्यांत बर्फ धरलेलें असे. ताटांच्या थरामुळें जमिनीची ऊब वर येत नसे. सच्छिद्र थाळींतून पाणी झिरपून सुके आणि गारवा वाढे. आणि पाण्यांतली उष्णता रात्रभर निरभ्र आकाशाकडे निघून जाई.

गच्चीवरची मातीची कुंडी म्हणजे ही बर्फाची थाळीच होय. शेतांतल्या मातीला खालच्या जमिनीचा आधार असतो. दिवसा सांठलेली ऊब रात्रीं तळांतून वर येते. कुंडींतल्या ओंजळभर मातीला तो आधार नाहीं. ती चारी बाजूंनीं निवते आणि वरून आभाळाला ऊब देते. त्यांत संध्याकाळीं भरपूर पाणी घातलेलें असलें तर कुंडीचा माठ होतो, आणि माठांतलें पाणी गार होतें हें कोणत्याहि घरांत सांगावयास नको. पहाटे डोंगराकडून मतलई वारा सुटला कीं उरलीसुरली ऊबहि जाते.

या चोराला धरलें तें विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या वैद्यानें. १८१४ सालीं त्यानें दंवावर एक निबंध प्रसिद्ध केला. चार काठ्या रोवून त्यानें एक तलम रुमाल गवतावर वीतभर उंचीवर ताणून बांधला. रुमालाखालचें गवत शेजारच्या उघड्या गवताहून कांहीं अंशांनीं उबदार राहिलें. रुमाल गवताला टेकविला तर तितका लाभ होत नसे. पांघरूण रोपाला ऊब देत नाहीं. रोपाची ऊब आभाळाकडे जाऊं देत नाहीं. ढगाळ रात्रीं थंडी कां पळते, याचेंहि कारण हेंच. ढग म्हणजे आभाळभर पसरलेला रुमाल.

मिरकरवाड्यांतल्या गृहिणीनें मग करावें काय? दिवस कलतांच कुंड्यांवर माडाच्या झावळ्यांचा विणलेला झाप किंवा जुनें लुगडें काठ्यांवर असें ताणावें, कीं तें रोपाला टेकणार नाहीं. सकाळीं ऊन येतांच तें काढावें; विसरल्यास कोंवळीं रोपें उजेडासाठीं ताणून लांबुडकीं होतात. पाणी सकाळीं घालावें, तेंहि उन्हांत ठेवून कोमट झालेलें. कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवतां जांभ्या चिऱ्याच्या पश्चिमाभिमुख भिंतीला लावाव्या. दुपारभर तापलेला चिरा रात्रीं बराच वेळ ऊब सोडतो आणि मतलईहि अडवितो.

आणखी एक साधन बंदरावरच मिळतें. मासळीबरोबर बर्फ नेण्याची थर्माकोलची पेटी कडेला फुटली कीं टाकून देतात. जी पेटी बाहेरची ऊब आंत शिरूं देत नाहीं, तीच आंतली ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. बर्फाला जें लाभतें तेंच बियालाहि लाभतें. मात्र ती गोड्या पाण्यानें दोन-तीनदां धुवावी, कारण मिठाचा अंश उरला तर श्रावणघेवड्यासारखीं रोपें करपतात. आणि तळाला भोंकें पाडावीं, नाहींतर पाणी सांचून मुळें कुजतात.

हा सारा खटाटोप उन्हाळी भाज्यांपुरता. मुळा, मेथी, पालक, कोथिंबीर यांना गारवाच मानवतो. त्यांना झांकणें म्हणजे मायेनें जीव गुदमरविणें होय. तसेंच रात्र ढगाळ असेल तर झाप नाहीं घातला तरी चालेल. आदल्या सकाळीं पानांवर दंव दाटलेलें दिसलें आणि संध्याकाळीं आभाळ स्वच्छ असलें, तर मात्र आळस करूं नये.

पुष्कळ घरांत एखादी आजी तिन्हीसांजेला कुंड्यांवर जुनेर पसरतांना दिसते, आणि शाळा शिकलेलीं नातवंडें तिला हंसतात. एवढ्याशा फडक्यानें थंडी कशी अडणार, हा त्यांचा प्रश्न. वेल्सलाहि एके काळीं तेंच वाटत असे. पातळ चटईनें रोपें झांकणाऱ्या माळ्यांना आपण अर्धवट ज्ञानाच्या गर्वानें हंसत होतों, अशी कबुली त्यानें आपल्या निबंधांत मोकळेपणानें दिली आहे. माळ्यांना कारण सांगतां येत नव्हतें, पण रोपें त्यांचींच जगत होतीं. नातवंडांनीं आतां आजीला कारण समजावून सांगावें, आणि त्याआधीं जुनेराचें दुसरें टोंक धरावें.