सोने भट्टीच्या अलीकडेच हरवते

स्नातकहो,

टोकियो ऑलिंपिकची पदके टाकाऊ मोबाइल आणि विजेच्या उपकरणांतून घडवली गेली, हे तुम्ही ऐकले असेल. त्या मोहिमेचे आकडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात जपानने सुमारे ७९ हजार टन छोटी उपकरणे आणि ६२ लाख मोबाइल जमवले. त्यातून सोने निघाले सुमारे ३२ किलो, म्हणजे टनामागे अर्धा ग्रॅमही नाही. टनामागे पाच ग्रॅम देणारी खाण आज चांगली समजतात. उलट नुसते जुने मोबाइल टनभर वेगळे काढले, तर त्यात दोनशे ग्रॅमच्या वर सोने असते. इतर उपकरणांच्या लोखंडात आणि प्लॅस्टिकमध्ये मिसळले की तेच सोने निकृष्ट खनिजाहूनही विरळ होते. म्हणून माझे म्हणणे असे, की ई-कचऱ्यातून धातू काढण्याच्या या उद्योगाचे यशापयश भट्टीत ठरत नाही. ते त्याआधी, वस्तू गोळा करण्यात, उघडण्यात आणि वेगळ्या करण्यात ठरते.

भट्टीचे शास्त्र पुष्कळ पुढे गेलेले आहे. बेल्जियममधल्या होबोकन येथील उमिकोर कंपनीचा कारखाना सतरा धातू परत मिळवतो. वितळलेले तांबे सोने-चांदी-पॅलेडियम आपल्यात ओढून घेते आणि पुढे विद्युत-विघटनात ते सुटे होतात. तरीही २०२२मध्ये जगात निघालेल्या ६.२ कोटी टन ई-कचऱ्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे ती जेमतेम २२ टक्क्यांची. बाकीचा माल अशा भट्टीपर्यंत पोचल्याची नोंदच नाही.

आपल्याकडे भट्टीच्या अलीकडचा हा टप्पा मुख्यतः भंगारवाल्यांच्या हातात आहे. त्यावर आक्षेप येतो, आणि तो खरा आहे: दिल्लीच्या सीलमपूरमध्ये, मुरादाबादमध्ये वायरी जाळल्या जातात, सर्किट बोर्ड आम्लात बुडवले जातात, शिसे आणि डायॉक्सिन तिथल्या मुलांच्या शरीरात जाते. हे थांबलेच पाहिजे. पण त्यासाठी सगळा धंदाच बंद करणे मला चूक वाटते, कारण आम्ल आणि पेचकस ही दोन वेगळी कामे आहेत. घरोघरून वस्तू आणणे, त्या हाताने खोलणे, बोर्ड वेगळा काढणे यात भंगारवाल्याइतके कौशल्य कुणाकडे नाही. आम्लात मात्र तो थोडे सोने मिळवतो आणि उरलेले मौल्यवान धातू गटारात घालवतो. जाळून मिळणाऱ्या पैशांपेक्षा अख्ख्या बोर्डाला जास्त भाव मिळाला, तर तो जाळील कशाला? पुण्यात १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे कचरावेचकांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेसाठी घरोघर कचरा गोळा करू लागली. या माणसांना व्यवस्थेत मानाने आणता येते, याचा पुरावा आपल्या घराजवळच आहे.

दुसरा आक्षेप असा, की सोन्याचा भावच हे सगळे घडवून आणील. सोन्यापुरते ते मान्य. निओडिमियमचे काय? हार्ड डिस्कमधला निओडिमियमचा छोटा चुंबक आधी हाताने काढला नाही, तर यंत्रात त्याचा भुगा होतो, तो भुगा पोलादाला चिकटतो आणि लोखंडाच्या भट्टीत मळीबरोबर जातो. एका चुंबकाची किंमत इतकी किरकोळ, की बाजार त्यासाठी थांबत नाही. आणि २०२५च्या एप्रिलमध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्यापासूनचे चुंबक यांच्या निर्यातीवर बंधने आणली, तेव्हा अशाच चुंबकांसाठी आपला वाहन उद्योग हवालदिल झाला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या आपल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली, ही मोठी गोष्ट झाली. पण त्यासाठी उत्पादकांनी पुनर्वापर करणाऱ्यांकडून विकत घ्यायची प्रमाणपत्रे सुरुवातीला सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चारच धातूंना ठेवली गेली. चुंबक वेगळा काढणाऱ्या हाताला त्यात काहीच मिळत नव्हते. तुमच्यापैकी काही जण उद्या उपकरणांचे आराखडे काढतील, काही जण असे नियम लिहितील. तो चुंबक गोंदाने चिकटवायचा की स्क्रूने बसवायचा, आणि तो काढणाऱ्याला किती पैसे द्यायचे, हे निर्णय तुमच्याच टेबलावर येणार आहेत.