विधी सेवा म्हणजे वास्तुशांत नव्हे
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, ‘तू हल्ली काय करतोस ते सांग.’ शाळेत मला धडा वाचायला उभं केलं की पाय लटपटायचे, हे मागच्या बाकावरच्यांना आठवत असेल. आता वकिली करतो, म्हणजे उभं राहून बोलण्याचेच पैसे घेतो. पण आज ज्या कामाबद्दल बोलणार आहे, त्यात पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो.

आपल्या तालुक्याच्या कोर्टात जिन्याजवळ एक लहानशी खोली आहे. दारावर पाटी आहे, ‘तालुका विधी सेवा समिती’. एकदा एक आजोबा आत डोकावले आणि वास्तुशांतीला साधारण किती खर्च येईल, असं विचारू लागले. हसा, मीही हसलो होतो. पण विधी म्हणजे कायदा, हे सरकारी मराठी गावात कोणाला ठाऊक असणार? ज्यांच्यासाठी ती खोली उघडली, त्यांनाच पाटी वाचून कळत नाही की ही आपल्यासाठी आहे.

ही सरकारची मेहेरबानी नाही, हे आधी सांगतो. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ‘३९ क’ हा अनुच्छेद आला. पैसा नाही म्हणून कोणी न्यायाला मुकू नये, यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं तो सांगतो. नागरिकशास्त्राच्या तासाला हे शिकवलं असेल तर तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत असणार. पुढे १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला.

आता मैत्रिणींनी नीट ऐकावं. या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटच नाही. मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांनाही नाही. बाकीच्यांसाठी आपल्या राज्यात वर्षाला ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. साध्या कागदावर अर्ज केला तरी चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथला माणूस लिहून घेतो. वकिलाची फी, कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकलांचे पैसे, टायपिंग, हे सगळं समिती बघते. आणि हे फक्त तुरुंगातल्या आरोपींसाठी असतं, हा गैरसमज आपल्यातल्या शिकलेल्यांचाही आहे. वाटपाचा दावा, पोटगी, घरमालकाशी भांडण, थकलेला पगार, या सगळ्या दिवाणी गोष्टींना ते लागू आहे.

एवढं सांगून खाली बसलो असतो तर भाषण गोड झालं असतं. पण ज्या गोष्टीमुळे मी या कामाकडे नीट बघायला लागलो, ती माझ्या कौतुकाची नाही.

समितीच्या पॅनेलवर माझं नाव लागून वर्षच झालं होतं. एका बाईंचं प्रकरण माझ्याकडे आलं. नवरा वारलेला, दोन मुली. दिरांनी वारसनोंद करताना हिला आणि मुलींना वगळलं, आणि सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं चढली. ही त्याच जमिनीत दुसऱ्याच्या हाताखाली मजुरीने खुरपत होती. मी वाटपाचा दावा दाखल केला. कागद चांगले होते, कायदा तिच्या बाजूने होता.

एका तारखेला मला जिल्ह्याला दुसरं काम लागलं. फी देणाऱ्या पक्षकाराचं. सरळच सांगतो, दोन्हीकडे जाणं शक्य नव्हतं आणि मी पैशांकडे गेलो. हिचं कोणीतरी सांभाळेल असं धरून चाललो. कोणीही सांभाळलं नाही. पुकारा झाला तेव्हा समोरचे वकील हजर, आमच्या बाजूने कोणी नाही. दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला.

ती बाई त्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने येऊन दहा वाजल्यापासून कोर्टात बसली होती. पुकारा झाला, तेव्हा ती मला शोधायला बाररूममध्ये गेली होती.

मला ज्युनियरने सांगितलं. ‘बघू, अर्ज देऊ,’ म्हणालो आणि विसरलो. असा दावा परत फाईलवर घ्यायला अर्ज करण्याची मुदत तीस दिवस असते. सव्विसाव्या दिवशी ती ऑफिसच्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच. मी विचारलं, ‘मावशी, एवढे दिवस का आला नाहीत?’ तर म्हणाली, ‘साहेब, पैसे दिले असते तर दुसऱ्याच दिवशी आले असते. फुकटच्या वकिलाला जाब कोणत्या तोंडाने विचारायचा?’

मी माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र करून, चूक माझी आहे असं लिहून, अठ्ठाविसाव्या दिवशी अर्ज दिला. कोर्टाने दावा परत घेतला आणि पाचशे रुपये खर्च बसवला. तो मी भरला. तिला हे सांगितलं नाही, आणि बरेच दिवस बायकोलाही नाही.

तेव्हापासून माझ्याकडे समितीचं प्रकरण आलं की पहिल्या भेटीत मी एक गोष्ट सांगतो. मला फी मिळते, ती सरकारकडून मिळते, तुमच्यासाठी मिळते. थोडी असते, उशिरा येते, ते माझं मी बघेन. तारखेला मी दिसलो नाही तर मला फोन करायचा. मी उचलला नाही तर समितीकडे लेखी तक्रार द्यायची. वकील बदलून मागता येतो. मी किंवा माझा कारकून चहापाण्याला पैसे मागू लागलो, तर तीही तक्रार करायची. काही सहकाऱ्यांना माझं हे बोलणं आवडत नाही. पक्षकाराला डोक्यावर बसवतोस म्हणतात. बसू दे.

त्या बाईंचं प्रकरण पुढे लोकअदालतीत मिटलं. दिरांनाही एव्हाना त्यांच्या वकिलांची फी जड झाली होती, हे खरं कारण. मनपरिवर्तन वगैरे काही नव्हतं. लोकअदालतीतला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी तिला तो दोनदा वाचून दाखवला. तडजोडीने थोडं कमी मिळतंय, हेही सांगितलं. लढली असती तर हिस्सा पूर्ण मिळाला असता, कदाचित दहा वर्षांनी. ती म्हणाली, मुली लग्नाच्या आहेत, आत्ता द्या. हा निर्णय बरोबर होता का, याबद्दल माझ्या मनात अजून थोडी खळखळ आहे. पण तो तिचा होता. सातबाऱ्यावर तिघींची नावं लागली.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. माझा धंदाच पायरीवरचा, म्हणून मला ती टोचते असं नाही. पण ही म्हण ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांना परवडते. ज्याचं नावच खोडलंय, त्याने पायरी चढायची नाही तर काय करायचं?

आता तुमच्याकडे काम आहे. इथे बसलेले निम्मे तरी शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले, अंगणवाडीतल्या ताई आहेत. किराणा दुकान चालवणारा आपला मित्र तर रोज शंभर माणसांशी बोलतो. अडलेला माणूस वकिलाकडे येण्याआधी तुमच्याकडे येतो, रेशनकार्डावर सही मागायला, पासबुक भरायला. बोलता बोलता सांगून जातो की भावाने जमीन लाटली, मुलगा सांभाळत नाही, ठेकेदाराने मजुरी बुडवली. तेव्हा ‘जाऊ दे, देव बघेल’ न म्हणता त्याला त्या जिन्याजवळच्या खोलीत घेऊन या. यायला जमत नसेल तर १५१०० हा फोन नंबर लिहून द्या. जे निवृत्त झालेत त्यांना विधी स्वयंसेवक म्हणून नावही देता येतं. समिती प्रशिक्षण देते. सर, तुमचं अक्षर अजून तसंच असेल तर अर्ज लिहायला तुम्हीच हवेत.

परवा त्या मावशींचा फोन आला. ‘साहेब, पुढची तारीख कधी?’ मी म्हटलं, ‘मावशी, तुमचं केव्हाच संपलं की.’ तर म्हणाल्या, ‘माझं नाही हो, शेजारणीचं. तिला विचारायला लाज वाटते, म्हणून मी विचारते.’

अर्जाचे नमुने आणलेत. चहाच्या टेबलावर, चिवड्याच्या ताटाशेजारी ठेवलेत. जाताना दोन-दोन घेऊन जा.