चिमण्या कुठे उडाल्या?

(गणेशोत्सवातील छायाचित्र प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरतीनंतर आणि प्रसादाआधी बोलायला उभं राहणाऱ्यानं आवरतं घ्यावं, हे मला ठाऊक आहे. उद्घाटनाचा मान आपण मला दिलात, म्हणून आधी माझाच एक गुन्हा कबूल करतो.

२००७ सालची गोष्ट. आपल्याच उत्सवातल्या प्रदर्शनात मी एक फोटो लावला होता. पावसाळ्यातली संध्याकाळ, क्वार्टरच्या गच्चीवरून दिसणारी टाउनशिपची झाडी आणि ढगांतून फुटलेलं केशरी ऊन. डिजिटल कॅमेरा नवीनच घेतला होता, मुलानं फोटोशॉप शिकवलं होतं. मूळ फोटोत झाडांच्या मागे प्लांटच्या चिमण्या होत्या, धूर होता. बाजूचे ढग उचलून मी ते सगळं झाकून टाकलं. दोन रात्री त्यात गेल्या. फोटोचं फार कौतुक झालं. एक वहिनी म्हणाल्या, "अगदी आमच्या कोकणासारखं दिसतंय हो!" मी फुशारून गेलो.

तेवढ्यात कोक ओव्हनमधून निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ सहकारी फोटोसमोर येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "काय हो, आमच्या चिमण्या कुठे उडाल्या?" सगळे हसले. मीही हसलो. ते मात्र हसत नव्हते. त्या चिमण्यांखाली त्यांनी तीस वर्षं तिन्ही पाळ्या केल्या होत्या.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या प्लांटच्या भरवशावर आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील बिऱ्हाड घेऊन इथे आले. मी तेच पुसून टाकलं, का, तर दिसायला बरं नव्हतं म्हणून. आणि धुराचं काय? दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बसणारी काळी पूड ज्यांनी झटकली आहे, त्यांना विचारा. माझ्या फोटोनं एकाच वेळी भिलाईचे कष्टही लपवले आणि भिलाईचा धूरही.

मग फोटोला हातच लावायचा नाही का? तसंही नाही. रोलच्या काळातसुद्धा डार्करूममध्ये आकाश गडद करायचे, सावल्या उजळायचे. अमेरिकेचे प्रख्यात निसर्ग छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यात उस्ताद होते. १९४४ साली त्यांनी लोन पाइन गावातून हिमशिखरांवरच्या सूर्योदयाचा फोटो घेतला. गावातल्या शाळेच्या मुलांनी समोरच्या टेकडीवर पांढऱ्या दगडांनी गावाची आद्याक्षरं रचली होती. अॅडम्सना ती खुपली, त्यांनी ती पुसली. पण हे त्यांनी लपवलं नाही, पुढे स्वतःच पुस्तकात लिहिलं. मला अजूनही वाटतं, ती अक्षरं राहायला हवी होती. पण निदान सांगितलं तरी!

'नॅशनल जिऑग्राफिक'नं फेब्रुवारी १९८२च्या अंकात ते सांगितलं नव्हतं. आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसवायचा म्हणून संगणकावर गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले. साडेचार हजार वर्षं जागचे न हललेले पिरॅमिड मुखपृष्ठासाठी हलले! बोभाटा झाला आणि मासिकाला पुढे चूक मान्य करावी लागली.

याच्या उलट प्रकार आपण सगळ्यांनी पाहिला आहे. दिवाळी आली की उपग्रहातून दिसणाऱ्या भारताचं रंगीबेरंगी चित्र मोबाइलवर येतं. ते दिवाळीचं नाहीच. वस्त्यांचे दिवे कसे वाढत गेले हे दाखवण्यासाठी अमेरिकन शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वर्षांची चित्रं एकावर एक ठेवून त्यांना निरनिराळे रंग दिले होते. २०१२ साली नासानं खुलासाही केला. शास्त्रज्ञ खोटं बोलले नव्हते. चित्राखालची ओळ वाटेत गळली आणि खऱ्याचं खोटं झालं.

आता आपल्या घरचं उदाहरण. बस्तरचा चित्रकोट धबधबा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला आहे. पावसाळ्यात इंद्रावती या काठापासून त्या काठापर्यंत कोसळते, तेव्हा पाणी मातकट, तांबूस असतं. हिवाळ्यात ते पांढरंशुभ्र होतं, पण धारा आकसतात. काही छापील चित्रांत मात्र रुंदी ऑगस्टची आणि रंग डिसेंबरचा! असा चित्रकोट वर्षाच्या कुठल्याच महिन्यात नसतो. पुण्याहून आलेले आमचे एक पाहुणे कठड्यापाशी उभे राहून म्हणाले, "पाणी घाण आहे की!" एवढा रुद्र, देखणा प्रवाह समोर, आणि त्यांना दिसली ती घाण. साऱ्या डोंगर-जंगलाची माती घेऊन येणारं पाणी त्याच रंगाचं असणार, पण चित्रानं त्यांचे डोळे आधीच बिघडवून ठेवले होते.

आता तर फोटोशॉपही लागत नाही. मोबाइलवर बोट फिरवलं की विजेच्या तारा गायब. म्हणून यंदा प्रत्येक फोटोखाली एक चिठ्ठी लावायला सांगितली आहे. फक्त उजेड-रंग सारखे केले की काही काढलं-घातलं, एवढंच लिहायचं. काही स्पर्धक नाराज आहेत, परीक्षकांचं मन कलुषित होईल म्हणतात. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. तरीही चिठ्ठी राहील.

माझ्या त्या फोटोचं पुढे काय झालं तेही सांगतो. बदललेला फोटो मी मूळ फोटोच्याच नावानं सेव्ह केला होता. मूळ गेला तो गेलाच. मागच्या वर्षी नातीला शाळेच्या प्रकल्पासाठी जुन्या भिलाईचं आकाश हवं होतं. आजोबांकडे २००७चं एक आकाश होतं, पण ते देण्याजोगं नव्हतं.

तेव्हा एक विनंती. कोणाच्या अल्बममध्ये चिमण्यांचा जुना फोटो असेल, मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोत मागे आलेल्या असल्या तरी चालतील, तर विसर्जनाआधी मंडळाच्या कार्यालयात आणून द्या. मागे साल आणि सेक्टर पेन्सिलीनं लिहा. स्कॅन करून त्याच दिवशी परत मिळेल.