मद्रासची खुर्ची आणि शाळेंतलें ताट

(विद्यार्थी वसतिगृहाच्या वार्षिक सभेंत झालेलें व्याख्यान)



काल संध्याकाळीं मी येथें उतरलों तेव्हां ओसरीच्या भिंतीवर मुलांनीं चिकटविलेला एक मोठा कागद पाहिला. महाराष्ट्राच्या सगळ्या मुख्यमंत्र्यांचीं नांवें, आणि कांहीं नांवांपुढें तांबड्या पेन्सिलीची खूण. खूण कसली म्हणून विचारलें तर एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "मास्तर, हे आपले." आपले म्हणजे कोणाचे, हें मी त्याला विचारलें नाहीं. त्याच्या डोळ्यांतला अभिमान पाहून मला विचारवेना. पण त्या तांबड्या खुणा रात्रभर डोळ्यांपुढून हालेनात. आज मला दुसऱ्याच विषयावर बोलावयाचें होतें. तो बाजूस ठेवतों आणि त्या मुलाला उत्तर देतों.

त्यासाठीं तुम्हांला मद्रासेस नेणार आहें. घरचें सोडून इतक्या दूर कां, असें कोणी म्हणेल. एक तर घरच्या खुणांवर बोललों तर निम्मी सभा ऐकणार नाहीं, नुसती चिडेल. दुसरें असें कीं, राज्यकारभाराच्या खुर्चीवर ब्राह्मणेतर बसला पाहिजे, यासाठीं पक्ष काढून, निवडणूक लढवून ती खुर्ची पहिल्यानें मिळविली ती मद्रासकरांनीं. आपल्याकडे शाहू छत्रपतींनीं १९०२ सालीं करवीर दरबारच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखल्या. पण ते राजे होते. त्यांच्या एका सहीनें काम झालें. मद्रासेस असा राजा नव्हता. तेथें लोकांनाच हातपाय हालवावे लागले.

१९१६ सालीं डॉ. नटेश मुदलियार, डॉ. टी. एम. नायर आणि सर त्यागराय चेट्टी या तिघांनीं पुढें होऊन जी संस्था काढली तिला लोक जस्टिस पक्ष म्हणूं लागले. इलाख्यांत ब्राह्मणांची वस्ती शेंकडा तीनच्या आसपास, आणि पदवीधरांत व मोठ्या हुद्द्यांवर पाहावें तर जिकडे तिकडे तेच. हें त्यांनीं जाहीरनामा काढून आंकड्यांनिशीं दाखविलें. १९२० ची निवडणूक आली. काँग्रेसनें बहिष्कार घातला होता. जस्टिस पक्ष निवडून आला. गव्हर्नरानें त्यागराय चेट्टींना बोलाविलें. त्यांनीं खुर्ची नाकारली. मग डिसेंबर १९२० मध्यें सुब्बरायलु रेड्डियार पहिले मुख्य प्रधान झाले, आणि कांहीं महिन्यांतच प्रकृतीमुळें ते बाजूस झाल्यावर १९२१ सालीं पानगलचे राजे आले.

आतां ती खुर्ची कसली होती तेंहि पाहा. त्या पद्धतीला द्विदल राज्यपद्धति म्हणत. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य हीं खातीं मंत्र्यांकडे. तिजोरी, पोलीस आणि जमीनमहसूल गोऱ्या सरकारच्या मुठींत. म्हणजे घर चालवावयास सुनेकडे आणि किल्ल्या सासूच्या कमरेला. मत देण्याचा हक्कहि ज्याच्याजवळ मिळकत त्यालाच. असल्या खुर्चीवर बसूनहि पानगलकरांनीं १९२१ आणि १९२२ सालीं हुकूम काढले कीं, सरकारी नोकऱ्या सर्व जातींत वांटल्या जाव्या. १९२१ सालींच तेथें स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. देवळांच्या उत्पन्नावर देखरेख ठेवण्याचा कायदाहि त्यांच्याच कारकीर्दींतला. हें थोडें नव्हे.

पण हुकूम कागदावर आणि कारकून खुर्चीवर, अशी स्थिति बरींच वर्षें राहिली. मग तो हुकूम खरा अमलांत केव्हां आला? १९२७-२८ सालीं, सुब्बरायन यांच्या मंत्रिमंडळाच्या काळांत, आणि तें मंत्रिमंडळ जस्टिस पक्षाचें नव्हतें! बारा जागांचा हिशेब बांधला : पांच ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन ब्राह्मणांना, दोन मुसलमानांना, दोन ख्रिस्ती व अँग्लो-इंडियनांना, आणि एक दलितांना. मुथय्या मुदलियार नांवाच्या मंत्र्यानें तो नेटानें चालविला. मुलांनो, तुमच्या कागदावर मुख्यांचींच नांवें आहेत. मुथय्यांसारख्याला तेथें जागा नाहीं.

बारांत एक दलितांना, हेंहि विसरूं नका. जस्टिस पक्षाचे पुढारी बहुतेक जमीनदार, संस्थानिक, व्यापारी. १९२१ सालीं मद्रासच्या गिरणीच्या संपांत दलित कामगार आणि इतर ब्राह्मणेतर कामगार यांच्यांत दंगल उसळली, तेव्हां पक्षाच्या पुढाऱ्यांनीं दलितांवरच ठपका ठेवला. दलितांचे पुढारी एम. सी. राजा पुढें पक्ष सोडून गेले. ब्राह्मणाकडे न्याय मागणारा पक्ष खालच्याला न्याय देतांना आंखडला. याचें फळ १९३७ सालीं मिळालें. दोनशें पंधरांपैकीं एकशें एकोणसाठ जागा काँग्रेसला! बोबिलीचे राजे, मुख्य प्रधान राहिलेले, स्वतःच्या बोबिलींत व्ही. व्ही. गिरींकडून पडले.

मग आले राजगोपालाचारी. जन्मानें ब्राह्मण. त्यांनीं शाळांत हिंदी सक्तीची केली, लोक खवळले, हजाराहून अधिक तुरुंगांत गेले. नटराजन आणि ताळमुत्तु हे दोघे तरुण १९३९ सालीं तुरुंगवासांतच प्राणांस मुकले. तेंच राजाजींचें मंत्रिमंडळ १९३९ सालीं मदुरेच्या मीनाक्षीच्या देवळांत दलित आणि नाडार गेले तेव्हां त्यांच्या पाठीशीं उभें राहिलें, त्यासाठीं कायदा केला. एकाच माणसाच्या एकाच कारकीर्दींतल्या या दोन गोष्टी. तांबडी खूण कोठें करणार?

नाडार हा शब्द आला म्हणून सांगतों. ताडी काढणाऱ्यांची ही जात. यांच्यांतल्या कित्येकांनीं व्यापारांत पैसा मिळविला, पण देवळाचें दार बंदच. कामुदीच्या देवळांत शिरले म्हणून खटला झाला, तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १९०८ सालीं निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. त्याच्या पांच वर्षें आधीं, १९०३ सालीं, विरुदुपट्टींत एका नाडाराच्या घरीं कामराज जन्मले. बाप लहानपणींच गेला, शाळा अर्ध्यावर सुटली, मामाच्या कापडाच्या दुकानांत गेले. त्यांच्याकडे मी लौकरच परत येतों.

१९५२ सालीं राजाजी पुन्हां मुख्यमंत्री झाले, निवडणुकीस उभे न राहतां, वरच्या सभागृहांत नेमणूक होऊन. १९५३ सालीं त्यांनीं खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठीं एक योजना काढली. पोरानें दिवसाचे तीन तास शाळेंत बसावें आणि उरलेला वेळ घरीं बापाचा धंदा शिकावा. ऐकावयास किती गोड! शाळा थोड्या, मास्तर थोडे, दोन पाळ्या केल्या म्हणजे दुप्पट मुलें शिकतील, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो अगदींच खोटा होता असें मी म्हणत नाहीं. पण बापाचा धंदा म्हणजे काय? न्हाव्याच्या पोरानें वस्तरा, परिटाच्या पोरानें धोपटणें, चांभाराच्या पोरानें आरी. आणि वकिलाचा पोरगा? त्याला ही योजना लागू नव्हती, कारण तो शहरांत राहत होता! ई. व्ही. रामस्वामी पेरियार यांनीं आणि इतरांनीं याला कुलाचें शिक्षण असें नांव ठेवलें आणि इलाखा ढवळून काढला. काँग्रेसमध्येंच फाटाफूट झाली. एप्रिल १९५४ मध्यें राजाजी पायउतार झाले आणि अर्ध्यावर शाळा सुटलेले ते कामराज मुख्यमंत्री झाले. दुसऱ्याच महिन्यांत योजना रद्द झाली.

कामराजांनीं विरोधकालाहि मंत्रिमंडळांत घेतलें. नेतृत्वाच्या निवडणुकींत समोर उभे राहिलेले सी. सुब्रह्मण्यम् यांच्याकडेच शिक्षणखातें. गांवोगांव शाळा काढावयास लागले. पण शाळा काढून पोर येतें थोडेंच? पोर गुरें राखतें तेव्हां संध्याकाळीं त्याला भाकर मिळते. म्हणून १९५६ सालापासून शाळेंत दुपारचें जेवण. बंधूंनो, ही कल्पनाहि त्यांची एकट्याची नव्हे. १९२० सालीं त्यागराय चेट्टींच्या काळांत मद्रास नगरपालिकेनें थाऊजंड लाइट्स भागांतल्या एका शाळेंत पोरांना जेवण घालण्यास सुरुवात केली होती. पांचएक वर्षांनीं खर्चाच्या सबबीवर सरकारनें ती बंद पाडली. खुर्ची नाकारणाऱ्या माणसाचें तें ताट एका दुकानांतल्या पोऱ्यानें छत्तीस वर्षांनीं पुन्हां मांडलें. पुढें १९८२ सालीं एम. जी. रामचंद्रन् यांनीं तें फार मोठें केलें, लहान बालकांपर्यंत नेलें. २०२२ सालीं स्टालिन यांच्या सरकारनें सकाळची न्याहारी सुरू केली. तुम्ही येथें वसतिगृहाच्या पंगतींत बसतां, तेव्हां पहिल्या घांसाची किंमत मला समजावून सांगावी लागणार नाहीं.

आणि अशा कामराजांना लोकांनीं काय दिलें? १९६७ सालीं विरुदुनगरांत, त्यांच्याच जन्मगांवीं, एका विद्यार्थी पुढाऱ्यानें त्यांना पाडलें. १९६५ सालीं हिंदीविरुद्धच्या चळवळींत झालेल्या गोळीबाराचा राग, धान्याची टंचाई, सगळें त्यांच्या पक्षाच्या माथीं आलें. लोक खुर्ची देतात तशी काढूनहि घेतात.

१९६७ सालीं विणकराच्या घरांतले अण्णादुरै आले. पुरोहितावांचून झालेलीं स्वाभिमान विवाहाचीं लग्नें त्यांनीं कायद्यानें ग्राह्य केलीं. राज्याला तामिळनाडू हें नांव मिळालें. आणि त्यांच्याच कारकीर्दींत, २५ डिसेंबर १९६८ रोजीं, तंजावर जिल्ह्यांतल्या कीळवेण्मणी गांवीं मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांचीं बायकामुलें ज्या झोंपडींत लपलीं होतीं ती पेटविण्यांत आली. चव्वेचाळीस माणसें जळालीं. जाळणारे भट नव्हते. ब्राह्मणेतर जमीनदार आणि त्यांचीं माणसें होतीं. १९७३ सालीं उच्च न्यायालयांतून जमीनदार सुटले. त्या दिवशीं मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवर "आपला" होता कीं नव्हता? मी अण्णादुरैंना दोष देण्यासाठीं हें सांगत नाहीं. ते त्या वेळीं दुखण्यानें खंगले होते आणि फेब्रुवारी १९६९ मध्यें गेले. मी तुमच्या तांबड्या पेन्सिलीविषयीं बोलतों आहें.

करुणानिधि देवळांत वाजविणाऱ्या जातींतले. त्यांनीं १९७१ सालीं मागासलेल्यांच्या जागा शेंकडा पंचवीसच्या एकतीस केल्या. कोणत्याहि जातीच्या माणसास पुजारी होतां यावें म्हणून कायदा केला, तो कोर्टांत अडला. अखेर ऑगस्ट २०२१ मध्यें त्यांच्या मुलाच्या कारकीर्दींत निरनिराळ्या जातींचे चोवीस शिकलेले पुजारी नेमले गेले. पन्नास वर्षें!

आतां दोन माणसांची जोडी तुमच्यापुढें ठेवतों. एम. जी. रामचंद्रन् ब्राह्मणेतर. १९७९ सालीं त्यांनीं फर्मान काढलें कीं, ज्या मागास कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न नऊ हजारांहून अधिक त्याला सवलत नाहीं. लोकांत काहूर उठलें. जानेवारी १९८० च्या लोकसभेच्या निवडणुकींत त्यांच्या पक्षाला एकोणचाळीसांपैकीं दोन जागा! लगेच फर्मान मागें, आणि एकतिसांच्या पन्नास केल्या. दुसऱ्या जयललिता, जन्मानें अय्यंगार ब्राह्मण. १९९२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पन्नासांची मर्यादा घातली तेव्हां तेथील एकोणसत्तर टक्के धोक्यांत आले. द्रविड कळघमच्या लोकांनीं वाट सुचविली, त्या बाईनीं १९९३ सालीं कायदा केला आणि १९९४ सालीं घटनेच्या नवव्या परिशिष्टांत घालवून घेतला. त्यांच्या कारभारांतल्या दुसऱ्या पुष्कळ गोष्टींचें समर्थन मी करणार नाहीं. पण ब्राह्मणेतरानें ओढलेली रेघ लोकांनीं पुसावयास लावली आणि ब्राह्मण स्त्रीकडून लोकांनीं कुंपण घालून घेतलें, हा इतिहास आहे. दोन्ही वेळां सही मुख्यमंत्र्याची आणि हात धरलेला जनतेनें.

एक मोजणी राहिली. १९२० पासून २०२१ पर्यंत, शंभर वर्षांत, मद्रासच्या त्या खुर्चीवर एकहि दलित बसला नाहीं. जुन्या मद्रास इलाख्यांतल्याच कर्नूल जिल्ह्यांत जन्मलेले दामोदरम् संजीवय्या १९६० सालीं आंध्रचे मुख्यमंत्री झाले. तामिळ मुलखांत नाहीं. आपल्याकडे सुशीलकुमार शिंदे २००३ सालीं झाले. त्यांच्या नांवापुढें भिंतीवरच्या कागदावर खूण आहे काय, तें मीं आज सकाळीं मुद्दाम जाऊन पाहिलें. नाहीं.

२०१८ सालीं तिरुप्पूर जिल्ह्यांत एका सरकारी शाळेंत दलित स्वयंपाकीण आली, तेव्हां गांवच्या वरच्या म्हणविणाऱ्या जातींनीं शाळेला टाळें लावलें. ते ब्राह्मणेतरच होते. कामराजांनीं मांडलेल्या ताटावरच त्यांचीं मुलें वाढलीं होतीं. अधिकाऱ्यांनीं भिऊन बाईची बदली केली. मग दुसरे लोक रस्त्यावर बसले, आणि बदली रद्द होऊन ती बाई त्याच चुलीपाशीं परत आली.

आतां मी खालीं बसतों. काल ज्या मुलानें मला "हे आपले" म्हणून सांगितलें त्यानें पहिला प्रश्न विचारावा. पेन्सिल बरोबर आणली असली तरी चालेल.