वळवाचं पाणी आणि पंचगंगा



नदीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की आपण आधी पाइप शोधतो. ते शोधायलाच हवेत. १९७४चा जलप्रदूषण कायदाही मुख्यतः अशा पाइपांच्या तोंडांवरच लक्ष ठेवतो. पण पंचगंगेत उतरणारी बरीच घाण कुठल्याच पाइपातून येत नाही. ती रानातून, डांबरी रस्त्यावरून, गोठ्यामागच्या उकिरड्यावरून पावसाबरोबर येते. ती कुणाची, हे दाखवता येत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलतही नाही.

पंचगंगेच्या कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस फार विषम. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त, शिरोळला पाचशेच्या आसपास. तरी नुसत्या आकड्यावर काही ठरत नाही. जुलैची झड नदीत पाणीही भरपूर आणते. खरा घात होतो वळवाच्या सरींनी. उन्हाळाभर साचलेलं सगळं तासाभरात ओढ्याला लागतं, आणि नदीला तेव्हा ओघच नसतो.

पुढचं जमिनीवर अवलंबून. काळं रान भेगाळलेलं असतं तेव्हा पहिलं पाणी भेगांतून खोल जातं. भिजून फुगलं की भेगा मिटतात आणि पाणी वरून वाहू लागतं. डीएपी खतातलं स्फुरद मातीच्या बारीक कणांना धरून असतं. माती गेली की तेही गेलं. युरियाचं मात्र काही दिवसांत नायट्रेट होतं. ते पाण्यात विरघळून मुळांखाली उतरतं, विहिरीत जातं, तिथून झऱ्यांवाटे नदीत. हे पाणी नितळ दिसतं, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते. नदीतलं केंदाळ दोन्हींवर पोसतं.

ऊस तुटला की पाचट पेटवायची घाई होते. रान उघडं पडतं. टपोरा थेंब ढेकळावर आपटतो, ढेकूळ विरघळतं, गाळ मातीची छिद्रं बुजवतो, वर पापडी धरते. मग पाणी मुरत नाही. खोडव्यात तेच पाचट सरीत ठेवलं तर थेंब पाचटावर फुटतो, पाणी रेंगाळतं, जिरतं. मोठ्या सरीनंतर शेजारशेजारच्या अशा दोन रानांचे ओघळ पाहा, पाण्याच्या रंगातच फरक कळतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आभाळ भरून आलेलं असताना खत विस्कटू नका. भरणीचं खत मातीआड करा. आणि ओढ्याकाठची चार-पाच हात पट्टी गवताला सोडा. आज किती तरी ठिकाणी उसाची सरी थेट काठाला भिडली आहे, आणि नेमकं तिथलंच खत सगळ्यांत आधी पाण्यात उतरतं.