रक्त पातळ करणारी गोळी : घरच्यांनी काय सांभाळायचं

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांपुढे केलेले भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, पंचवीस वर्षांत सोसायटीनं काय कमावलं यावर बोला. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आपण इथे राहायला आलो तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेर होतो. आता घरोघरी गोळ्यांचा डबा आहे. मी डॉक्टर नाही, जन्म बँकेत आकडे जुळवण्यात गेला. पण आमच्या सौ.च्या हृदयात २०१३ पासून धातूची झडप आहे आणि तिच्या गोळीचा हिशोब माझ्याकडे आहे. त्या अनुभवावर बोलतो.

मागच्या महिन्यात आपल्याच एका सभासदांनी ही गोळी परस्पर बंद केली. मोबाईलवर कोणीतरी पाठवलं होतं. मला म्हणाले, "काहून घ्यायची बाप्पा? उंदीर मारायचं औषध हाय म्हणते ते!" आता गंमत अशी की गोष्ट अर्धी खरी आहे. १९३३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एक शेतकरी मेलेली कालवड आणि डबाभर न गोठलेलं रक्त घेऊन भर हिमवादळात विद्यापीठात पोचला. सडलेला चारा खाऊन त्याची जनावरं रक्तस्रावानं मरत होती. कार्ल लिंक या शास्त्रज्ञानं त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधलं. त्यातूनच पुढे वॉरफरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं, आणि १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही दिलं गेलं. फरक मात्रेचा आहे. आपल्याकडे डॉक्टर पुष्कळदा त्याच जातीचं असेनोकुमरॉल लिहून देतात. आमच्याकडे तेच आहे.

"रक्त पातळ" हा शब्दही फसवा आहे. रक्तात पाणी मिसळत नाही, अशक्तपणा येत नाही. गुठळी व्हायला वेळ लागतो, एवढंच. धातूच्या झडपेवर गुठळी झाली तर झडप अडकते, किंवा गुठळी मेंदूत जाऊन लकवा होतो. म्हणून ही गोळी जन्मभराची.

या गोळीचं माप म्हणजे आयएनआर. निरोगी माणसाचा साधारण १ असतो. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात, सौ.ची झडप डावीकडची, तिला २.५ ते ३.५ सांगितला आहे. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. मी एक वही केली आहे, पासबुकासारखी: तारीख, आयएनआर, गोळीची मात्रा, पुढची तपासणी. गोळी संध्याकाळी देतो, कारण सकाळी रक्त दिलं की दुपारपर्यंत रिपोर्ट येतो आणि मात्रा बदलायची तर त्याच दिवशी बदलता येते. विसरली आणि त्याच रात्री आठवली तर द्यायची. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम द्यायच्या नाहीत. वहीत नोंद करायची आणि डॉक्टरांना सांगायचं. पट्टी घेताना मिलिग्रॅम वाचा. "अर्धी गोळी" म्हणून भागत नाही, १ ची अर्धी की २ ची?

पालक, मेथी बंद करा असं लोक सांगतात. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं : हिरव्या भाजीतलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं, म्हणून खा, पण दर आठवड्याला साधारण सारखी खा. नवरात्रात नऊ दिवस उपवास आणि मग चार दिवस रोज मेथी, असं केलं की आकडा हलतो.

खरा धोका भाजीचा नाही, परस्पर घेतलेल्या औषधाचा आहे. दोन वर्षांपूर्वी सौ.चा गुडघा दुखत होता. एका औषध दुकानातून तिला पेनकिलर मिळाली, कोणी काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी शौचास डांबरासारखी काळी झाली. चार दिवस दवाखान्यात, दोन बाटल्या रक्त. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी पोटात रक्तस्राव होतो, आणि या गोळीसोबत तो थांबत नाही. जुलाबावरची मेट्रोनिडॅझोल आणि काही अँटिबायोटिक्स आयएनआर वर नेतात. चूर्ण, काढेसुद्धा विचारल्याशिवाय नकोत. दात काढायचा असला तरी गोळी आपल्या मनानं थांबवू नका. दातांचे आणि हृदयाचे डॉक्टर एकमेकांशी बोलू द्या.

ज्यांना नवीन गोळ्या आहेत, डॅबिगॅट्रान, एपिक्साबान वगैरे, त्यांना आयएनआर लागत नाही. पण त्यांचा असर लवकर उतरतो, म्हणून एकही चुकवू नये. धातूच्या झडपेला मात्र त्या चालत नाहीत. शेजाऱ्याची पाहून बदलू नका.

२०१२ मध्ये जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात आपला अमरावती जिल्हा होता. ऑपरेशनचा खर्च योजनेतून निघतो, पण पुढची वही घरच्यांनीच सांभाळावी लागते. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाई, शेतावरचा माणूस, यांच्या घरीही असा पेशंट असू शकतो. विचारत चला.

शेवटचं. आपलं गाव हायवेवर आहे. ही गोळी घेणारा माणूस गाडीवरून किंवा बाथरूममध्ये पडून डोक्याला मार लागला, तर वर जखम नसली, तो बरा बोलत असला, तरी लगेच दवाखान्यात न्या. रक्त आत साचू शकतं. आणि खिशात कार्ड ठेवा : नाव, गोळी, मात्रा, कशासाठी, घरचा फोन. कोऱ्या कार्डांच्या झेरॉक्स चहाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. घरून पट्टी घेऊन या, मी बसलो आहे, नाव वाचून भरून देतो.